धातूच का?

४ नोव्हेंबर

धातूच का? – असा प्रश्न अर्जात आहे. उत्तराला दोन पानं दिलीत. मी एक वाक्य लिहिलं : या विषयात मला गुण चांगले पडतात आणि तो मला कळतो.

दादाने वाचलं आणि हसत सुटला. "अगं लोखंडे, हे कारण आहे की कबुलीजबाब?"

हसू दे. पदवीला या विषयात पहिली आले. तेव्हापासून विभागाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतेय. धातूचे नमुने ओढून, वाकवून, पुन्हा पुन्हा हलवून तोडायचे. मग तुटलेली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली धरून सांगायचं की हे का तुटलं. पुढे हेच शिकायचंय. याहून मोठं कारण कोणाला कशाला हवं? खानावळीत शिरणाऱ्याला कोणी विचारतं का, भूक का लागली ते दोन पानांत लिहा म्हणून!

७ नोव्हेंबर

दादा बळेच एका मार्गदर्शकाकडे घेऊन गेला. हा माणूस अर्ज "घडवून" देतो. छोटी केबिन, नको इतका गार एसी, भिंतीवर प्रवेश मिळालेल्यांचे फोटो – सगळ्यांचे अंगठे वर. माझं वाक्य वाचून त्याने कागद उलटा करून पाहिला. मागे काही असेल असं वाटलं असावं.

"गोष्ट हवी, मॅडम. निवड समितीतली माणसं ढिगाने अर्ज वाचतात. त्यांना रडवा, नाहीतर हसवा."

मी म्हटलं, मला त्यांना काहीच करायचं नाही. त्यांनी माझे गुण बघावेत, काम बघावं.

"गुण सगळ्यांनाच असतात हो. लहानपणी काही मोडलं होतं का? सायकल? एखादं खेळणं?"

आणि दादा – पाणी मागावं तितक्या सहज – "आमचे बाबा क्रेनच्या अपघातात गेले."

मार्गदर्शकाचा चेहरा उजळला. शब्द जपून वापरतेय. उजळलाच. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!"

मी उठून जिना उतरले. दादा मागून हाका मारत होता. पार्किंगमध्ये गाठलं त्याने मला. "एवढं काय झालं तोंड फिरवायला?"

एवढं काय झालं!

८ नोव्हेंबर

एकदाच लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

बाबा कारखान्यात क्रेनच्या हुकाला माल अडकवायचं काम करायचे. मी बारा वर्षांची होते. हूक तुटला, माल खाली आला, बाबा खाली होते. चौकशी झाली. अहवालात लिहिलं : मर्यादेपेक्षा जास्त वजन अडकवल्यामुळे. म्हणजे बाबांच्या चुकीमुळे. आईने सही केली. प्रकरण मिटलं.

माझ्या अर्जाशी याचा काही संबंध नाही.

९ नोव्हेंबर

जेवताना पुन्हा तेच. दादा म्हणाला, "बाबांनी मागे काय ठेवलंय आपल्यासाठी? एक गोष्ट ठेवलीय. तीही तू वापरणार नाहीस!"

"ते काय जुनं कपाट आहे, वापरायला?"

"तुला काय, तुझं सगळं मोजपट्टीवर चालतं. बाकीच्यांना माणसं लागतात."

आई मध्ये पडेल असं वाटलं होतं. ती धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत राहिली. एक घडी मोडली, परत घातली.

१४ नोव्हेंबर

शिफारसपत्र मागायला विभागप्रमुखांकडे गेले. सर म्हणाले, "हो हो, देऊ की. असं कर, तूच लिहून आण. माझ्या वतीने लिही. मी नजर टाकतो आणि पाठवतो."

बाहेर आल्यावर कळलं, इथे अशीच पद्धत आहे. सगळे स्वतःचं पत्र स्वतःच लिहितात. कोणाला त्याचं काही वाटत नाही. एकक लिहायचं राहिलं तर वही दारातून भिरकावणारा हा माणूस! नोंद ज्याने केली त्याचीच सही हवी, हे आम्हाला घोकून घेणारा! आणि आता मी त्यांचा आवाज काढून माझं कौतुक करायचं. "ही विद्यार्थिनी" म्हणायचं स्वतःला. आरशासमोर उभं राहून स्वतःलाच हार घालण्यातला प्रकार.

१८ नोव्हेंबर

लिहिलं. खोटं एक अक्षर नाही. दिलं.

सरांनी मोठ्याने वाचलं, तेही प्रयोगशाळेत, सगळ्यांसमोर. "कामात अचूक. नोंदी पूर्ण. यंत्र बिघडल्यास स्वतः दुरुस्त करते… अगं, हे मुलीचं शिफारसपत्र आहे की व्होल्टमीटरचं?"

शेजारच्या टेबलावरची फिदीफिदी हसली. "सर, वॉरंटी राहिली!"

सर म्हणाले, "घरचं काही लिही. कुठून आलीस, काय सोसलंस –"

"सर, तुम्ही मला घरी कधी पाहिलेलं नाही. तुम्ही कसं लिहाल?"

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "ठेव. बघतो."

२१ नोव्हेंबर

मार्गदर्शकाने दादाच्या हाती नमुना पाठवला. पहिलं वाक्य : "त्या दिवशी आभाळही रडत होतं."

त्या दिवशी कडक ऊन होतं.

२३ नोव्हेंबर

नमुना फाडला. माझ्या एका वाक्याची दोन पानं केली – कोणते नमुने, कोणत्या चाचण्या, काय कळलं, काय अजून कळलेलं नाही. शेवटचा भाग सर्वांत मोठा झाला. बाबांचा उल्लेख नाही. अर्ज पाठवला.

आईने विचारलं, "यांचं काही घातलंस?"

"नाही."

"बरं," म्हणाली. आणि दिवा न लावताच बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

२९ नोव्हेंबर

उद्या शेवटची तारीख. संकेतस्थळावर माझ्या नावापुढे लाल अक्षरांत : शिफारसपत्र मिळालेलं नाही. मीच लिहिलेलं पत्र नुसतं पाठवायचं, तेही होत नाही यांच्याने!

सरांच्या दारात उभी राहिले. "अगं, पाठवतो म्हटलं ना. मी काय पळून चाललोय?"

पळून कोणीच जात नसतं. तारीख जाते!

३० नोव्हेंबर

संध्याकाळी लाल अक्षरं हिरवी झाली. मिळालं. आत काय आहे ते अर्जदाराला दिसत नाही, असा नियम आहे. मला हसू आलं. माझंच पत्र, मीच लिहिलंय. वेगळं काय दिसणार!

१२ डिसेंबर

शेजारच्या टेबलावरचीला मुलाखतीचं बोलावणं आलं. मला नाही. तिने निबंधात लिहिलंय की तिचे मामा पूल कोसळून गेले आणि तेव्हाच तिने धातूंचा अभ्यास करायची शपथ घेतली. मामा ठणठणीत आहेत. चपलांचं दुकान आहे त्यांचं. मागच्या महिन्यात मी तिथून सँडल घेतले, मामांनी स्वतः माझ्या पायात घालून बघितले.

"मामांना कळलं तर?"

"त्यांना सांगितलंय मी. म्हणाले, तुझं भलं होणार असेल तर मला दोनदा मार!"

तिला भेगेची वाढ कशी मोजायची ते अजून धड येत नाही. दर वेळी मला हाक मारते. मीही जाते.

२ जानेवारी

काही नाही.

९ जानेवारी

बोलावणं आलं! वीस तारखेला. दादाला आधी सांगितलं, कारण तो आधी भेटला.

"बघ, कोरडं कोरडं लिहूनही आलं ना? म्हणजे तिथेही तुझ्यासारखीच माणसं बसलीत. देव त्यांचं भलं करो."

खोटं बोलले नाही, बाबांना बाजारात बसवलं नाही. नुसत्या कामावर झालं. आज मान ताठ करून चालले. कोणाला दिसलं नसेल, पण मला माहीत आहे.

२० जानेवारी

मुलाखत झाली. क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिताच येणार नाही.

लांब टेबल, पलीकडे तिघं. दोघांनी विषयातलं विचारलं. एक उत्तर अर्धवट गेलं, बाकी नीट. तिसऱ्या बाई वयस्कर, आखूड पांढरे केस. तोपर्यंत गप्प होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "टेबलावर ठेवलेल्या त्या हुकाची तुटलेली बाजू अर्धी काळी होती. कशामुळे?"

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. दादाला नाही. इथेही नाही.

आईला सहीसाठी कारखान्याच्या कार्यालयात बोलावलं होतं. मीही गेले होते. हूक टेबलावर होता, खाली वर्तमानपत्र. तुटलेली बाजू माझ्याकडे. अर्धी चकचकीत, अर्धी काळी. मी साहेबांना विचारलं, "हे अर्धं काळं का आहे?" साहेबांनी खणातून टॉफी काढून दिली आणि म्हणाले, बाळ, बाहेर बस.

बाईंना उत्तर दिलं. आवाज स्थिर होता. काळा भाग जुना. तिथे आधीच भेग होती, हवा-पाणी आत जाऊन गंजली. चकचकीत भाग तेवढा त्या दिवशी तुटला. हूक कधीचाच अर्धा तुटलेला होता. वजन नेहमीचंच असणार.

"तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"दुसऱ्या वर्षी. प्रात्यक्षिकाच्या तासाला तसाच नमुना हातात आला. बाकीचे चहाला गेले. मी गेले नाही."

मग मी विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या सरांच्या पत्रात आहे."

२१ जानेवारी

सकाळी थेट सरांच्या खोलीत. दारावर टकटक केली नाही.

"तुझं पत्र मी तसंच ठेवलं," सर म्हणाले. "एक अक्षर बदललं नाही. खाली एक परिच्छेद वाढवला. तोही हुकाचं मला कळलं त्या दिवशीच."

"कोणाकडून कळलं?"

"तुझ्या आईंचा फोन आला होता. मी त्यांना विचारलं, लिहू का? म्हणाल्या, लिहाच." मग नेहमीच्या सुरात : "तपशिलात काही चूक आहे का? असेल तर दाखव."

तपशिलात चूक नव्हती. त्याचाच संताप आला! खोटं असतं तर फाडून टाकता आलं असतं.

२२ जानेवारी

आईशी बोलत नाहीये. तीही बोलत नाहीये. दादा मध्ये बसून दोघींना मीठ वाढतो.

३ फेब्रुवारी

निवड झाली.

दादा सोफ्यावर चढून ओरडला. "लोखंडे, आता तरी गंज उतरव!" मी अजून होकार कळवलेला नाही. पाच दिवसांची मुदत आहे. मला हे ठरवायचंय की ही जागा माझ्या कामावर मिळाली की बाबांवर. आणि ते ठरवायला एकही पद्धत नाही. दोन्ही भार एकाच वेळी टाकल्यावर कशाने तुटलं हे कसं सांगायचं? कोणाला अधिकार होता तो परिच्छेद घालायचा? ते माझं होतं. आयुष्यात एकच गोष्ट मी कोणाला दाखवली नव्हती, आणि ती तीन अनोळखी माणसांनी चहा पिता पिता वाचली.

५ फेब्रुवारी

आईला शेवटी विचारलं. ते माझं होतं, तू का सांगितलंस?

"तुझं एकटीचं कसं गं? मी तिथेच होते." आई भिंतीकडे बघत बोलत होती. "तू विचारलंस ना, तेव्हा मी टेबलाखालून तुला चिमटा काढला. गप्प बस म्हणून. तू बाहेर गेलीस आणि मी सही केली, चूक यांचीच होती म्हणून. मलाही दिसलं होतं ते काळं."

मला टॉफी आठवते. चिमटा आठवत नव्हता.

जागा घेतेय.