नऊ दिवसांची बिननावाची मुलगी

न्यू ऑर्लिन्स,
सोमवार, ११ मार्च २०२४

प्रिय फ्रोझी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे सरळ कचऱ्यात टाकणार होतीस, हे काय मला कळत नाही? उघडलंस, बरं केलंस. गुडघा कसा आहे? जिना चढायला लागलीस, असं माझी ॲनेट सांगत होती. ह्यूस्टनला गेल्यावर माणसाला घरातल्या घरात जिने लागतात वाटतं. आम्ही आपले एकमजली, आमचे गुडघे ठणठणीत.

सोमवार म्हणून पार्लर बंद आहे. गॅसवर राजमा रटरटतोय, तो शिजेपर्यंत मी मोकळी.

ॲनेटला मुलगी झाली, हे तिनं तुला फोनवर सांगितलंच आहे. पण तू तीनदा विचारलंस, "नाव काय ठेवलं?" आणि तिनं तीनदा विषय बदलला. मला ठाऊक आहे, कारण तो फोन माझ्याच स्वयंपाकघरातून चालला होता आणि मी कांदा चिरत कान देऊन ऐकत होते. नाव का सांगितलं नाही, ते लिहायलाच बसलेय. पण आधी गंमत ऐक.

जावई कर्टिस ओहायोचा, हे तुला माहीत आहे. मुलगा गुणी आहे, भांडीही घासतो. पण त्यानं काय केलं, तर इंटरनेटवरून यादी छापून आणली, न्यू ऑर्लिन्सवरून ठेवायची बाळांची नावं. त्यात काय, तर बेन्ये! अगं, साखर भुरभुरलेली तळलेली पुरी ती, तिच्यावरून लेकरू? आणि पुढे बोर्बन, त्या दारूच्या गुत्त्यांच्या रस्त्याचं नाव! मी म्हटलं, "कर्टिस, राजा, त्या रस्त्यावर आमच्यातलं कोणी फिरकतसुद्धा नाही. आणि शाळेत बाई विचारतील, भावाचं नाव व्हिस्की का?" बिचारा लाजला.

मग ती यादी मी पार्लरच्या आरशाला चिकटवली आणि खाली पेन टांगलं. झालं! जी येईल ती डोक्याला रंग लावलेला असतानाच उठून नाव लिहायला लागली. मिस व्हर्लीनं मॅग्नोलिया लिहिलं आणि स्वतःच खाली तीनदा पसंती नोंदवली. कोळंबी विकणाऱ्या गॅस्टननं डिझायर लिहिलं. मिस व्हर्ली त्याला म्हणाली, "इच्छा नावाची पोर वाढवून बघ, म्हणजे बापाला रात्रीची झोप लागते का ते कळेल." त्यावर पार्लर असं हसलं की एकीचे अर्धे कापलेले केस वाकडेच राहिले. तिला पैसे परत द्यावे लागले, पण मजा आली.

मला मात्र आपल्या बाबांची पद्धत आवडते, टपाल वाटायचा रस्ता तेच लेकीचं नाव. माझ्या वेळी त्यांची टपालाची फेरी क्लारा स्ट्रीटवर होती, तुझ्या वेळी युफ्रोझीन स्ट्रीटवर. आई म्हणायची, नशीब बदली कॅनॉल स्ट्रीटवर नाही झाली. पुढे ॲनेट स्ट्रीटवर मला घर मिळालं आणि मीही तेच केलं.

आता बाळाचं. ॲनेट सातव्या महिन्यापासून एकच नाव धरून बसली होती. युफ्रोझीन. "जी नॅनन, म्हणजे धर्ममाता, बाप्तिस्म्याला बाळ हातात घेते, तिचं नाव बाळाला. मावशी माझ्या मुलीची नॅनन. संपलं." मी म्हटलं, नको. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, नाव फार लांबलचक आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, जुनाट आहे. तिसऱ्या दिवशी मला कारण सापडेना, तेव्हा मी तिच्यावर ओरडले. पोटुशी पोर, रडायला लागली. "पेपरवाल्यांनी बारा वर्षांपूर्वी एक ओळ गाळली, आणि त्यापायी तुम्ही दोघी म्हाताऱ्या बायका अजून एकमेकींचं तोंड बघत नाही!"

फ्रोझी, पेपरवाल्यांनी ओळ गाळली नव्हती.

आईच्या निधनाची बातमी मीच दिली. त्यात माझं नाव होतं, माझ्या नवऱ्याचं, ॲनेटचं, आईच्या एकवीस भाचरांचं, चर्चमधल्या बायकांचं, शेजारच्या मिस अर्थाचंसुद्धा. तुझं नव्हतं. अंत्यविधीचं बघणारा तो वयस्कर माणूस, त्यानं सगळं लिहून घेतल्यावर चष्मा वर करून विचारलं, "आणखी मुलगी नाही ना?" मी म्हटलं, "नाही. मी एकटीच."

असं म्हटलं मी. तोंडातून निसटलं नाही, नीट विचार करून म्हटलं.

शेवटचे पंधरा दिवस मी आईच्या उशाशी होते. तिचे केस विंचरायचे, तोंडात बर्फ घालायचे. आणि ती डोळे उघडून एकच विचारायची, "फ्रोझी आली का?" तुला सुट्टी मिळत नव्हती, तू रोज फोन करत होतीस, ते मला कळत होतं. तरी मी जळले. त्याआधीही जळतच होते. शहर बुडवणाऱ्या त्या पुरानंतर ॲनेटला शाळेसाठी दोन वर्षं तुझ्याकडे ठेवली, आणि परत आली ती बोलता बोलता मला "मावशी" म्हणायची चूक करायला लागली. तू माझ्या लेकीला सांभाळलंस, आणि त्याचाच मी तुझ्यावर राग धरला. कसली बाई आहे मी!

मग तू अंत्यविधीला आलीस. सगळे ती बातमी वाचून आलेले. भाताची ताटं हातात घेऊन नवी मंडळी तुला विचारत होती, "तुम्ही कोण? लांबच्या नात्यातल्या का?" तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, पेपरवाले हल्ली काही धड छापत नाहीत. तू पर्स उचललीस आणि गेलीस. तुला तेव्हाच कळलं होतं ना? मला वाटतं, कळलं होतं.

शनिवारी हे सगळं मी ॲनेटला सांगितलं. वाटलं, घर डोक्यावर घेईल. तिनं आवाजही चढवला नाही. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आई, हे मावशीला लिही. तू लिहीपर्यंत आणि ती उत्तर देईपर्यंत हिला नाव नाही." जन्माचा कागद तसाच आणलाय. आईचं नाव आहे, बापाचं नाव आहे, बाळाची जागा रिकामी. पोरगी आज नऊ दिवसांची झाली आणि सगळे तिला "ए पिल्ला" म्हणतात. लबाड काय गोड आहे म्हणून सांगू! आंघोळ घातली की पाय ताणून असा आळस देते, जणू जगाची सगळी कामं उरकून आली आहे. मी फार सुखात आहे, फ्रोझी. खोटं कशाला बोलू? पण तिला हाक मारायची वेळ आली की माझी जीभ अडते.

मी चुकले. तुझी माफी मागते. आई तुझं नाव घेत गेली आणि मी ते खोडलं, हे दोन्ही तुला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं, बारा वर्षांपूर्वीच.

उद्या नऊला पार्लर उघडेन आणि मिस व्हर्लीच्या डोक्याला शाम्पू लावता लावता तिला हे सांगेन. दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डला कळेल. कळू दे.

बाप्तिस्मा ईस्टरनंतर, १४ एप्रिलला, रविवारी आहे. आलीस तर बाळ तुझ्या हातात. नाही म्हणालीस तर तेही ॲनेटला कळव, म्हणजे तिला दुसरं नाव ठेवता येईल. मी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही. आणि नाव देऊन स्वतः आली नाहीस, तरी मी ते नाव दिवसातून शंभरदा घेईन, तुला ऐकू आलं नाही तरी.

गुडघ्याला जप. गाडी सलग चालवू नकोस, वाटेत थांब.

आईच्या दोन मुलींपैकी थोरली,
क्लारा