दोन नंबरचा मासा

सोमवार, ३ मार्च

मासा आला. चौघांनी मिळून आत आणला, जणू पेशंटच! तळ्याकाठच्या गळवाल्यांच्या क्लबाचा विक्रमी मासा. एकतीस वर्षं त्यांच्या हॉलच्या दारावर लटकत होता. खाली पितळी पाटी – साडेपाच फूट. गेल्या आठवड्यात खिळ्यावरून निसटला, शेपटीला तडा गेला. केलेला बाबांनी, म्हणून दुरुस्ती माझ्याकडे.

एवढंच असतं तर ठीक होतं. पण दादानं टीव्हीवाल्यांना बोलावलंय. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ. जन्मात कधी प्लास्टर भिजवलं नाही, पण दुकानाच्या पाटीवर नाव त्याचंच. वारसा, कला, पिढ्या असला काहीतरी कार्यक्रम आहे म्हणे. तो बोलणार, मी काम करणार. मी कुठं दिसणार विचारलं तर म्हणाला, हात तुझेच दिसतील की!

मंगळवार, ४ मार्च

टीव्हीवाली बाई जागा बघून गेली. पहिला प्रश्न – पेंढा कुठं ठेवता?

तिला समजावलं. पेंढा आता कुणी भरत नाही. आणि मासा तर मुळात मासाच नसतो. माशाची कातडी वाळली की आक्रसते, रंग जातो. म्हणून मेलेल्या माशावर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. त्या साच्यात फायबर आणि रेझिन भरायचं, घट्ट झालं की सोडवायचं आणि रंगवायचं. मग खऱ्या माशाचं काय होतं, म्हणाली. खातात, म्हटलं. तिनं लिहून घेतलं. मग खोडलं.

जाताना विचारत होती, यातल्या कशातून धूर निघतो का. नाही म्हटल्यावर फार वाईट वाटलं तिला.

बुधवार, ५ मार्च

क्लबाला या माशाच्या नकला हव्यात – सभासदांना भेट द्यायला. तेव्हा शनिवारी कॅमेऱ्यासमोर जुन्या माशावर रबर ओतून नवा साचा घ्यायचा. त्याआधी जुना रंग उतरवायला बसले.

पोटाजवळ एक खवला फाटलेला. शेजारी बारीक ओरखडा. सहा इंच मागं पुन्हा तोच खवला. तसाच फाटलेला. शेजारी तोच ओरखडा.

भिंग लावून पाहिलं. चष्मा पुसून परत पाहिलं.

एकाच साच्यात दोनदा ओतलंय. मग दोन्ही कापून जोडलेत. मधला सहा इंच मासा दोनदा आहे! सांधा इतका सफाईदार की बाबांशिवाय दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. पाच फुटांचा मासा, साडेपाचचा केला.

माझे बाबा. टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा राहिला तर अख्खा तुकडा फोडायला लावायचे मला. गेले त्याला चार वर्षं झाली, आता विचारू कुणाला?

गुरुवार, ६ मार्च

क्लबाचे अध्यक्ष या माशाच्या जोरावर अध्यक्ष आहेत. एकतीस वर्षं बिनविरोध. घटनेतच लिहिलंय म्हणे – विक्रम ज्याचा, खुर्ची त्याची.

आणि ज्यांचा मासा पाच फूट दोन इंच भरला, ते दुसरे. शाळेत ड्रिल शिकवायचे, आता रिटायर झालेत. अख्खं गाव त्यांना ‘दोन नंबर’ म्हणतं. लग्नसमारंभात ओळख करून देतानाही – हे आमचे दोन नंबर. अख्ख्या क्लबात सरळ माणूस एकच, आणि त्याचंच नाव दोन नंबर! त्यांचा मासाही बाबांनीच केलेला, तो त्यांच्या घरी, फ्रिजच्या वर. क्लबाच्या भिंतीवर खिळा एकच.

म्हणजे एकतीस वर्षं दोन इंचांनी ते एक नंबर होते. आणि हे ठाऊक असलेली जिवंत माणसं दोन – अध्यक्ष आणि मी.

संध्याकाळी खूण बुजवायला मागच्या खवल्यावर पोटीन भरलं. काढलं. परत भरलं.

शनिवार, ८ मार्च

शूटिंग.

रबरात हार्डनर पडला की घड्याळ सुरू होतं, हे त्या बाईला चारदा सांगितलं. ती म्हणते थांबा, लाइट हलवायचाय. लाइट थांबतो, कॅमेरा थांबतो, रबर कसं थांबेल? तीन बादल्या गेल्या. ढवळायची काठी उचलली तर बादलीसकट वर आली. ते मात्र तिला फार आवडलं. परत करायला लावलं.

दादा बोलत होता. आमच्या रक्तातच प्लास्टर आहे म्हणाला. डॉक्टरला दाखव, असं अगदी ओठावर आलं होतं.

मग अध्यक्षांना उभं केलं माशाशेजारी. त्यांनी झुंजीची गोष्ट सांगितली – दोन तास, तुटता दोर, वगैरे. बघायला आलेल्या दोन नंबर काकांना त्यांनी हाताला धरून पुढं ओढलं, कॅमेऱ्याकडे वळवलं आणि म्हणाले, “आणि हे आमचे दोन नंबर. जन्मभर दोन नंबर!” सगळे हसले. काकाही हसले. काकांचं ते सरावलेलं हसू पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

फ्रेममध्ये घुसले. नखानं पोटीन खरवडून काढलं.

“हा मासा पाच फुटांचा आहे,” मी म्हणाले. “मधले सहा इंच माझ्या बाबांनी घातलेत.”

मग ती बाई हळूच म्हणाली, परत एकदा बोलाल? इकडं बघून?

बोलले!

सोमवार, १० मार्च

टीव्हीवर दर जाहिरातीनंतर माझं नख. खाली अक्षरं – सहा इंचांचं सत्य. माझ्या नावापुढं – पेंढा-कलाकार.

संध्याकाळी चर्चा. एक निवृत्त न्यायाधीश, एक आचारी आणि एक दातांचे डॉक्टर, कारण प्लास्टर तेही वापरतात. पण लोकांना सहा इंचांचं काहीच नाही. त्यांना धक्का बसलाय तो आत मासाच नाही याचा. अध्यक्षांनी आत हाडं आहेत असं शाळेच्या तीन पिढ्यांना सांगितलेलं.

वहिनीचा फोन. नखं किती काळी दिसत होती, म्हणाली.

मंगळवार, ११ मार्च

अध्यक्षांचं निवेदन आलं. आपण कलाकारावर आंधळा विश्वास टाकला. लांबी वाढवल्याची आपल्याला कल्पना नव्हती. झालेली फसवणूक कलाकाराची.

हे मला सुचलंच नव्हतं. बाबा आता काय उत्तर देणार? लुबाडणारा, म्हणत होते आज चॅनलवर. त्यांचा जुना फोटो कुठून मिळवला कोण जाणे. फोटोत ते ब्रश धुताहेत.

दादा आला. आरडाओरडा करेल वाटलं, केला नाही. बाबांना तू विकलंस, एवढंच म्हणाला आणि पाटीवरचं आपलं नाव पुसायला स्टूल घेऊन गेला. एका माणसाला न्याय मिळाला ना, असं स्वतःला सांगत प्लास्टर चाळत बसले. चाळलेलंच परत चाळलं.

शुक्रवार, १४ मार्च

क्लबाची तातडीची सभा झाली. जुना मासा कायमचा खाली. दोन नंबर काका एकमतानं नवे अध्यक्ष! भिंतीवर आता त्यांचा मासा लागणार. तीच टीव्हीवाली बाई ते दाखवायला येणार आहे. काकांचे डोळे भरून आले होते म्हणे, दोनदा नको म्हणाले. किती साधा माणूस.

आज आठवड्यात पहिल्यांदा नीट जेवले.

रविवार, १६ मार्च

काका आले. मासा चादरीत गुंडाळलेला. भिंतीवर लावण्याआधी जरा स्वच्छ करून हवा होता. मी म्हटलं, जुना रंग उतरवून नव्यानंच रंगवते, माझ्याकडून भेट.

ते बसले.

“उतरवू नकोस,” म्हणाले. “वरवरच पूस.”

मग सांगितलं. बाबांनी त्यांनाही विचारलं होतं – किती वाढवू? चार इंच, म्हणाले होते. जास्त मागायची लाज वाटली.

म्हणजे काकांचा चार फूट दहा. अध्यक्षांचा पाच. एक नंबर खरोखरच एक नंबर होते.

फडकं ओलं केलं. वरवरच पुसला.