थरथरत्या हाताचा जिटरबग

बाबा,

काल दुपारी इथे सिंगापुरात, हौगांगच्या कम्युनिटी क्लबच्या स्टेजवर मी जिटरबग नाचले. वय बावन्न, डावा गुडघा कुरकुरणारा, अंगात लाल ठिपक्यांचा फ्रॉक आणि समोर शे-दोनशे माणसं. तुम्ही गेलात तेव्हा एकोणपन्नासचे होता, म्हणजे आता मी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही मुकाट्याने ऐकणार. पत्र मुद्दाम हाताने लिहिते आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत. बोटीवरून येणारी तुमची पत्रंही अशीच असायची, आणि आई म्हणायची, समुद्र खवळलेला असणार. समुद्राचा काही दोष नव्हता, हे आम्हाला मागाहून कळलं.

तर हो, तुमचा हात माझ्याकडे आला. लोकांना वारशात फ्लॅट मिळतात, मला हात मिळाला. बेचाळिसाव्या वर्षी ऑफिसच्या मीटिंगमध्ये पडद्यावरचा आलेख दाखवताना पॉइंटरचा लाल ठिपका माशीसारखा भिरभिरायला लागला, तेव्हा मला पहिल्यांदा समजलं. त्या दिवसापासून मी लपवायला शिकले. पॉइंटर सोडला, मीटिंगमध्ये हात टेबलाखाली ठेवायला लागले, कुणी समोर सही मागितली की "नंतर पाठवते" म्हणायला लागले. इथे कॉफीला कोपी म्हणतात, आणि बरोबर न्यायची असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत ओतून, वर दोरी बांधून, स्ट्रॉ घालून देतात. मी दहा वर्षं हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, टेबलाशी बसून पिशवीतलीच कोपी प्याले. कपबशी म्हटली की खडखडाट आला. तुम्ही लोकांकडे गेलात की "अर्धाच कप द्या" म्हणायचात ना, तसंच हे.

घरी मात्र तुम्ही कप काठोकाठ भरून घ्यायचात. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही सुट्टीवर आलात की रविवारची सकाळ तुमची, आईला ओट्यापाशी मज्जाव. तुम्ही पोह्यांसाठी कांदा चिरताय, सुरी पाटावर टकटकटक वाजतेय आणि तुम्ही मला म्हणताय, "बघ, या हाताला मोटर बसवलीय. कांदा आपोआप बारीक होतो." फ्रिजवर टेपरेकॉर्डर आहे आणि त्यात तुम्ही माझ्यासाठी सिंगापूरहून आणलेली कॅसेट. ट्रंपेटं, ढोल, आणि मध्येच पियानोची पळापळ. वाजवणारे कोण, हे तुम्हालाही माहीत नव्हतं. बोट इथे तेल भरायला थांबली असताना कुठल्याशा दुकानात ती ऐकलीत आणि उचललीत. हात थरथरतोय, पण पाय अगदी शहाण्यासारखे ठेक्यावर पडताहेत, आणि मी तुमच्या पावलावर पाऊल टाकत मागे मागे. तुम्हीच सांगितलं होतं की इंजिनची थरथर रात्रंदिवस अंगात मुरलेली असते, आणि ती थांबली की इंजिनिअर गाढ झोपेतून खाडकन उठून बसतो. "थरथर चालू आहे ना, मग सगळं ठीक आहे," असं म्हणून तुम्ही पोह्यांवर खोबरं पेरायचात, त्यातलं निम्मं ओट्यावर.

बाहेर ते कुणी ठीक मानत नव्हतं. मावशीकडच्या सत्यनारायणाला तुम्हाला तीर्थ द्यायला बसवलं होतं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. पळीतलं तीर्थ लोकांच्या तळहातावर कमी आणि सतरंजीवर जास्त पडत होतं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळीच टाकून आलेत वाटतं." मी धावत येऊन तुमचं मनगट धरलं. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत, तेव्हाही नाही, पण असं बघितलंत की मी जागच्या जागी गार झाले. "हात सोड," म्हणालात. "सांडलं तर सांडू दे. पण माझ्या हातून सांडू दे." मला भयंकर राग आला होता. मी तुम्हाला वाचवायला आले आणि तुम्ही मलाच झापलंत, असं आठवडाभर आईला ऐकवत होते. खरं तर मी तुम्हाला नाही, स्वतःला वाचवायला आले होते.

मग शाळेचं स्नेहसंमेलन. मी पंधराची. तुम्ही नेमके सुट्टीवर होतात, कडक इस्त्रीचा शर्ट घालून पालकांच्या पहिल्या रांगेत बसला होतात. मध्यंतरात पुढच्या रांगेला चहा आला. अर्धा कप सांगायचं राहून गेलं असेल, किंवा देणाऱ्याने ऐकलं नसेल. बशीत कप असा वाजायला लागला की मागच्या दोन रांगा माना उंच करून बघायला लागल्या. विंगेत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने मला विचारलं, "तुझे बाबा पितात का गं?" मी काय उत्तर दिलं ते शेवटी लिहीन. आत्ता धीर होत नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कंपनीच्या मेडिकलला डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितले, तुम्ही केलेत, आणि पुन्हा कधी बोटीवर गेला नाहीत. उरलेली वर्षं पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काढलीत. दारूपायी नोकरी गेली, असं सोसायटीत सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आयुष्यात थेंबाला शिवला नाहीत आणि कपाळी शिक्का बेवड्याचा. तुम्ही कुणाला काही समजावत बसला नाहीत. कॅसेट मात्र दर रविवारी वाजत राहिली.

त्या कॅसेटमधली ट्रंपेटं मला दोन वर्षांपूर्वी हौगांगला पुन्हा भेटली. शनिवारी सकाळी लेकीला क्लबात बॅडमिंटनला सोडून मी बाहेरच्या बाकावर पिशवीतली कोपी पीत बसायची. एके दिवशी शेजारच्या हॉलमधून तो आवाज आला, आणि माझे पाय मला न विचारता हलायला लागले. नाच शिकवणारी सत्तरीची चिनी आंटी दारात येऊन उभी राहिली. "यू, व्हाय सिट आउटसाइड? लेग ऑलरेडी डान्सिंग. कम इन लाह." मी तिला हात दाखवला. म्हटलं, जोडीने नाचायचं तर समोरच्याच्या हातात हा द्यावा लागेल. ती हसली नाही आणि हळहळलीही नाही. "सो?" म्हणाली. "यू नो ऑर नॉट, व्हॉट दिस डान्स नेम मीन?"

आणि तिने त्या शब्दाची कुळकथा सांगितली. ती तुम्ही ऐकायला हवी होती. इंग्रजीत जिटर म्हणजे थरथर आणि बग म्हणजे किडा. फार पूर्वी अमेरिकेत दारू पिऊन पिऊन ज्याचे हात सकाळी कापायचे, त्याला जिटरबग म्हणत, असं सांगतात. म्हणजे आपला बेवडाच. मग तिथल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांतल्या डान्स हॉलमध्ये उड्यांचा, गिरक्यांचा एक नवा नाच उभा राहिला. तो बघून बाकीची पोरंही हातपाय झाडायला लागली, आणि ती धड ठेक्यात नसायची, तेव्हा वाजवणारे चिडवायचे, बघा हे जिटरबग. पोरांनी काय करावं? शिवी उचलली आणि तुऱ्यासारखी डोक्यात खोवली. आम्ही आहोतच जिटरबग, म्हणाली. होता होता नाचाचंच ते नाव पडलं, आणि लढाईवर निघालेल्या शिपायांनी ते बोटींवरून देशोदेशी नेलं. कुठे त्याचा अर्थ वाया गेलेलं कार्टं असा झाला. अमेरिकेच्या एका कोपऱ्यात म्हणे आजही आगाऊ पोराला त्या शब्दाचा अर्धा तुकडा लावून, 'जिट' अशी, हाक मारतात. आंटीच्या आईच्या काळी इथे सिंगापुरात जिटरबग नाचणारी मुलगी म्हणजे हाताबाहेर गेलेली, आणि आज तोच नाच क्लबच्या पत्रकात ज्येष्ठांसाठीच्या व्यायामप्रकारांत आहे, योगासनांच्या खाली. घरी येऊन मी बरंच वाचलं. कुणी असं म्हणतं, कुणी तसं. छातीठोक पुरावा कुणाकडे नाही. पण शब्द गटारातून उठून स्टेजवर चढला, एवढं नक्की. आपला बेवडा होता तिथेच राहिला, त्याचा कुणी नाच केला नाही. पुढच्या शनिवारी मी फी भरून त्या हॉलमध्ये गेले.

गेल्या वर्षी, नाचाने थोडा धीर आल्यावर, मी हाताच्या थरथरीचं नाव विचारायला डॉक्टरकडे गेले. घराण्यातून येतं, म्हणाल्या, जिवाला धोका नाही. मग अगदी सहज म्हणाल्या, "थोडी वाइन घेतली की तासभर कमी होतं, बऱ्याच पेशंटना ते आपलं आपणच कळतं. पण सवय लावून घेऊ नका." मी बाहेर पडून एमआरटी स्टेशनच्या बाकावर बसले आणि समोरून तीन गाड्या जाऊ दिल्या. म्हणजे दारूने तुमचा हात थरथरत नव्हता, दारूने तो थांबला असता. बोटीवरच्या इतक्या वर्षांत हे तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल, असं मला वाटत नाही. मेडिकलच्या दिवशी दोन घोट घेऊन गेला असतात तर हात दगडासारखा राहिला असता, नोकरी राहिली असती, आणि हा माणूस पीत नाही हे पिऊन सिद्ध झालं असतं. तुम्ही कोरडे गेलात आणि तसाच हात पुढे केलात. मला त्या बाकावर तुमचा इतका अभिमान वाटला की शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने टिश्यूचं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं.

काल स्टेजमागे माझ्या जोडीदाराने थर्मास पुढे केला. यिशुनचा निवृत्त बसड्रायव्हर आहे, तमिळ, मनाने अगदी लोणी. थर्मासात काय आहे ते वासावरूनच कळलं. "जस्ट लिटल, सिस्टर. हँड विल रिलॅक्स." मी नको म्हटलं. मग तो म्हणाला, गिरकीच्या वेळी मी हात घट्ट धरतो, कुणाला दिसणार नाही. आणि माझ्या तोंडून तुम्ही बोललात, इंग्रजीत. "डोन्ट होल्ड टाइट. शेक झाला तर होऊ दे. इट्स माय हँड." मधलं मराठीही त्याला बरोबर कळलं.

समोर ऑफिसमधले दोघे होते, ज्यांच्यापासून मी दहा वर्षं हात लपवला. सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकमधली मराठी मंडळी होती, तुमचा जावई मोबाइल उंच धरून उभा होता, लेक तिच्या मैत्रिणीशेजारी बसली होती. संगीत सुरू झालं आणि बाबा, आम्ही नाचलो. तिसऱ्या गिरकीला माझा हात डोक्यावर, भर उजेडात, जोडीदाराच्या एका बोटाला नुसता टेकलेला, आणि तो थरथरतोय, शेवटच्या रांगेपर्यंत दिसेल असा थरथरतोय. आणि पाय? एकही ठेका चुकला नाही. ते पाय तुमचे होते. शेवटी मी तोच हात वर करून उभी राहिले, मुद्दाम, टाळ्या थांबेपर्यंत. आंटीने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. स्पर्धा नव्हती, कप नव्हता, तरी मी जिंकले, आणि हे मी कुणाहीपुढे म्हणायला तयार आहे.

नंतर आम्ही खालच्या कॉफीशॉपमध्ये गेलो. मी कोपी मागितली, कपात, काठोकाठ. कप बशीत खडखड वाजला, शेजारच्या टेबलाने वळून बघितलं, निम्मी कोपी बशीत आली. मी ती बशीतून फुर्रकन प्याले, तुम्ही घरी प्यायचात तशी. समोर लेक नूडल्स खात होती. मान वर न करता म्हणाली, "आई, यू नो, माझ्या फ्रेंडने विचारलं, युअर मम ड्रंक आह?"

"मग? तू काय म्हणालीस?"

"आय सेड नो लाह. शी डझन्ट ड्रिंक. तिचा हात तसाच आहे, आजोबांचा पण तसाच होता." आणि तिने नूडल्सवर आणखी मिरची ओतली. यात सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नाही. तीही पंधराची आहे.

तर आता ते राहिलेलं उत्तर. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही. कपाटात तुमच्या कॅसेटशेजारी जाईल, म्हणून लिहिते. थरथरत्या हाताला तेव्हा माझ्याकडे नाव नव्हतं, आणि पिणारा बाप वर्गात दोघी-तिघींच्या घरी होता, तो कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. सोसायटीतली कुजबूज आधीपासूनची होती, मला ठाऊक आहे, पण तिला घरची साक्ष मिळाली ती त्या दिवशी. तुझे बाबा पितात का, असं तिने विचारलं, आणि बाबा, मी हो म्हटलं.