पाटीवर बन्सीचं नाव

२ एप्रिल २०१७, रविवार

आज लागोपाठ सहा डाव जिंकलो. सातवाही जिंकलो, पण सातव्याचं जरा सावकाश लिहायला पाहिजे.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बारमध्ये पूलचं टेबल एकच. जिंकेल तो टेबलावर राहणार, हरेल तो खुर्चीवर बसणार, पुढचा नंबर कोणाचा ते भिंतीवरच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं. दर रविवारी दुपारी जेवून मी जातो, एक बीअर सांगतो, आणि चार वाजेपर्यंत मला खुर्चीवर बसवणारा माणूस अजून निघालेला नाही. चोपन्नाव्या वर्षी हे काही कमी नाय. टेबल फ्रिजच्या बाजूला उतरतं. मॅनेजर सांडूनं पायाखाली पुठ्ठा घातलाय, तरी उतरतंच. लोक म्हणतात टेबल खराब आहे. मी म्हणतो अभ्यास कमी आहे. बॉल हळू सोडायचा. संध्याकाळी बैल जसा न हाकता गोठ्याकडं वळतो, तसा तो आपल्या आपण भोकाकडं वळतो.

आज गर्दी लई. कोर्टाच्या हुकुमानं हायवेकडचे बार कालपासून बंद, तिकडचं सगळं गिऱ्हाईक गावात आलं. पाटीवर सातवं नाव होतं – बन्सी. म्हटलं असेल कोणी. वळून बघतो तर माझा सख्खा धाकटा भाऊ, काठी घेऊन उभा. काठी उलटी धरली होती.

नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही. तो दौलताबादला, मी इथं. मधे चौदा-पंधरा किलोमीटर आणि माझ्या पोरीचं लग्न. मांडवात फेटे बांधताना माईकवरून सगळ्या मानकऱ्यांची नावं पुकारली, आणि नवरीच्या सख्ख्या चुलत्याचं राहिलं. माईकवाल्याची चूक. मी तेव्हाच दहा जणांना सांगितलं होतं. बन्सी न जेवता निघून गेला, तो आज दिसला.

एक शब्द न बोलता खेळलो. तिसऱ्याच फटक्याला त्यानं काळा बॉल भोकात घातला आणि दोन्ही हात वर केले. काळा सगळ्यात शेवटी घालायचा असतो, आधी गेला की डाव गेला. कोणीतरी त्याला समजावून सांगितलं. मी खाली मान घालून काठीला खडू लावत राहिलो.

९ एप्रिल, रविवार

बन्सी परत आला. आज काठी सरळ धरली होती.

न बोलता पूल खेळणं अवघड आहे. भरीव रंगाचे बॉल कोणाचे आणि पट्ट्यांचे कोणाचे, एवढं तरी सांगावंच लागतं. मी सांडूला म्हणालो, "त्यांना सांग, पट्ट्यांचे त्यांचे." बन्सी हातभर अंतरावर उभा. सांडू त्याला म्हणाला, "पट्ट्यांचे तुमचे." बन्सी म्हणाला, "त्यांना विचारा, फाऊल झाला तर समोरच्याला किती फटके?" मी सांडूला सांगितलं, दोन. "मग त्यांना म्हणावं, आत्ताच फाऊल झाला. त्यांची बाही बॉलला लागली."

माझी बाही लागली नव्हती. वाऱ्यानं हलली असेल.

सांडू हातात ट्रे घेऊन आमच्या मधे उभा राहिला. म्हणाला, "रामकिसनभाऊ, मी गिऱ्हाइकाला शेंगदाणे देऊ का तुम्हा दोघांचं टपाल वाहू?" अख्खा बार हसला. बन्सी पण हसला, पण भिंतीकडं बघून.

जिंकलो. जरा वेळ लागला, एवढंच.

१२ एप्रिल, बुधवार

साळूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं ते टेबल वाकडं आहे म्हणं."

तुला कोण म्हणलं, विचारलं. "आशाबाई."

आशाबाई म्हणजे बन्सीची बायको. या दोघी जावा नऊ वर्षं दर बुधवारी फोनवर बोलतात! लोणच्यापासून जावयापर्यंत सगळं एकमेकींना ठाऊक. मला आज कळतंय. मी जरा आवाज चढवला तर म्हणाली, "भांडलात तुम्ही. आम्हाला कुठं कोणी भांडायला सांगितलं होतं?"

जेवून घेतलं.

१६ एप्रिल, रविवार

हरलो. बन्सीला उतार कळलाय. शेवटचा काळा त्यानं इतका हळू सोडला की मला वाटलं वाटेतच थांबतोय. नाय थांबला.

खुर्चीवर बसलो. खुर्ची तशी बरी आहे.

१८ एप्रिल

कंपनीत शिफ्टभर विचार केला. परवाच्या हारीचं कारण काठी. टोक झिजलं होतं.

२३ एप्रिल, रविवार

आज दोन एमआर आले. औषध कंपनीत असतात म्हणे, पुण्याकडचे. स्वतःची काठी, तीही दोन तुकड्यांत, पेटीतून काढून जोडायची. एकानं हातात काळा मोजा घातला, एकाच हातात. मी सांडूला विचारलं, याचा दुसरा हरवला का? सांडू म्हणाला, तसाच असतो. त्यांनी तासाभरात सगळ्यांना खुर्च्या दाखवल्या, मला धरून. मग म्हणाले, आता जोडीनं या कोणीतरी.

सांडूनं कोणाला न विचारता पाटीवर लिहिलं – रामकिसन, बन्सी.

नाय म्हणायला मला सांडूशी बोलावं लागलं असतं, आणि तो मुद्दाम आत निघून गेला. मी काठी उचलली. बन्सीनंही उचलली.

एमआर लोकांचा फटका सरळ. भूमितीच्या पुस्तकातला. पण टेबल आमचं. एकेकटे जोरानं मारून जिंकले होते, आता जपून मारायला लागले तर त्यांचा बॉल भोकाच्या तोंडाशी जायचा आणि फ्रिजकडं वळायचा. मोजेवाल्यानं दोनदा खाली वाकून टेबलाचा पाय बघितला. आमचे बॉल मात्र सगळे ठिकाणी लागत गेले. राहिला काळा. पाळी माझी. मी जोर धरला, काठी मागं नेली, आणि पाठीमागून आवाज आला –

"दादा, जोर नको."

नऊ वर्षांनी. काठी हातातच थांबली. मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर नेम गेला असता. जोर काढला, हळू सोडला. काळा फिरत फिरत गेला आणि पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोजेवाल्यानं हात मिळवला. मी बन्सीला "बरं" एवढंच म्हणालो. तो "हं" म्हणाला आणि काठी भिंतीला टेकवून निघाला.

२६ एप्रिल, बुधवार

इथं लिहिलेलं कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

माईकवाल्यानं नावं बरोबर वाचली होती. चिठ्ठीच मी लिहिली होती. कंपनीचा फोरमन लिहिला, सरपंच लिहिला, ज्याच्या जीपमधून वऱ्हाड आलं तोही लिहिला. बन्सी नाही लिहिला. घरच्याचं काय लिहायचं असं वाटलं, का नुसता विसरलो, खरंच आठवत नाही. पण अक्षर माझं. बन्सी उठून गेला तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघालं, माईकवाला चुकला. एकदा निघालं, मग तेच धरून बसलो. या वहीत सुद्धा.

३० एप्रिल, रविवार

डाव सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं. मधे सांडू नको म्हणून बन्सीला टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. म्हणालो, "चिठ्ठी मी लिहिली होती. तुझं नाव मीच सोडलं."

तो म्हणाला, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. माईकवाल्यानं चिठ्ठी दाखवली मला. शाळेत माझ्या बाकावर बसायचा तो."

मग विचारलं, "ठाऊक होतं तर फेट्यासाठी नऊ वर्षं रुसलास?"

"फेट्यासाठी त्या दिवशी रुसलो, दादा. दुसऱ्या दिवशी येणारच होतो. तर गावभर ऐकलं, तू त्याच्यावर ढकलून मोकळा झालास. मग नाय आलो. म्हटलं, दादा खरं बोलंल तेव्हा जाऊ."

"मग आता कसा आलास? मी तर बोललो नव्हतो."

बन्सीनं काठीला खडू लावला, नको तितका लावला. म्हणाला, "आलो. खेळ आता."

तीन डाव खेळलो. दोन मी जिंकलो. एकमेकांना तोंडानं सांगत होतो, फाऊल, दोन फटके, काळा राहिला. सांडू म्हणाला, आज लई निवांत वाटतंय.

माईकवाल्याकडं गुरुवारी जाऊन येतो. त्याचं देणं वेगळं आहे, ते तिथं जाऊनच फिटणार.

४ मे, गुरुवार

माईकवाल्याकडं जाऊन आलो. त्यानं पाणी दिलं, चहा दिला, मग म्हणाला, "बरं झालं बन्सी जायच्या आधी आलात."

कुठं जायच्या आधी?

घरी येऊन साळूबाईला विचारलं. तिला ठाऊक होतं. बन्सी दौलताबाद सोडून पोराकडं पुण्याला चाललाय, कायमचा. शेत बटईनं दिलं, घर शेजाऱ्याला. सगळं फेब्रुवारीतच ठरलेलं. त्यानंच दोघींना शपथ घातली होती, दादाला सांगू नका, नायतर दया येऊन बोलंल.

शनिवारी सकाळी टेम्पो निघतोय. आशाबाई एसटीनं पुढं जाणार, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी दोन माणसं बसतात, बन्सी आणि मी. सांडूला फोन केला, रविवारी पाटीवर माझं नाव लिहू नको.