गुंगीशिवाय काढलेलं रक्त

ती. बाबा,
तुमच्या हट्टी लेकीचा डाव्या हातानं नमस्कार.

अक्षर गिचमिड आहे, कारण उजव्या हाताला जरा मुका मार लागलाय. बाकी ठणठणीत. आईला एवढंच वाचून दाखवा.

पुढचं तुमच्यासाठी. इथल्या जनावरांच्या दवाखान्याच्या गोठ्यात एक मारकी गाय आहे. तिच्या रक्तात साखर फार निघाली, मधुमेह बरा व्हायचा नाही म्हणून मोठ्या डॉक्टरांनी तिला दयामरण द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, "रक्त गुंगीचं इंजेक्शन देऊन काढलंत ना? त्या औषधानंच साखर चढते."

ते म्हणाले, "कालची पोरगी मला शिकवणार? गुंगीशिवाय तिला हात लावून दाखव."

दुसऱ्या दिवशी दाखवला! दोरखंड नाही, धरायला माणसं नाहीत. कारण जनावर घाबरलं तरी साखर चढतेच. तुम्ही करायचात तसं गळ्याखाली खाजवत, गप्पा मारत मानेच्या शिरेतून रक्त काढलं. तिनं कानसुद्धा हलवला नाही. तेवढ्यात डॉक्टर ओरडत आत आले. लाथ त्यांच्यासाठी होती, मध्ये मी आले.

साखर अगदी बेताची निघाली. गाय वाचली. मला मात्र हुकूम झालाय, माफी मागेपर्यंत गोठ्यात पाय ठेवायचा नाही. माफी मागणार नाही. आणि घरीही येणार नाही, तेव्हा बोलवू नका.

तुमचा गुडघा कसा आहे? आईला झोप लागते का?

हात गळ्यात बांधून हे पत्र मी गोठ्यातच बसून लिहितेय. कागदाच्या कोपऱ्यावरचा ओला डाग त्या गायीच्या जिभेचा आहे, माझ्या डोळ्यांचा नाही.

तुमचीच,
न ऐकणारी