राळ न लावलेला गज

९ ऑगस्ट, दुपार

चि. बयो,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. खोली हवेशीर आहे, कचेरीतली माणसंही बरी आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे आम्ही आजोबा-नात खुशाल. तुझी लेक वेळेवर जेवते, वेळेवर झोपते आणि उरलेला वेळ घरभर गरगरते. भिंगरी हे नाव मी तिला उगाच नाही ठेवलं.

आता मोठी बातमी. शाळेत तारवाद्यांचा वर्ग निघालाय. व्हायोलिन आणि त्याची थोरली भावंडं, म्हणजे चेलो वगैरे. वाद्यं शाळाच देणार. आपल्या बाईसाहेबांनी मला न विचारताच हात वर केला. का, तर संगीताच्या बाईंनी वर्गात व्हायोलिन वाजवून दाखवलं आणि हिच्या म्हणे पोटात काहीतरी हललं. मी म्हटलं, भूक लागली असेल. झालं! दिवसभर माझ्याशी कट्टी.

बाईंची मात्र एक अट आहे. प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस वर्गाला बसलंच पाहिजे. नुसतं बसून भागत नाही, शिकायचं. घरी सराव करताना मूल चुकलं तर सांगायला कोणीतरी हवं ना. तू तिकडे, जावईबापू बोटीवर. उरलो मी.

आणि गंमत ऐक. पहिले काही आठवडे हातात व्हायोलिन नाहीच. बुटाचं रिकामं खोकं, त्याला चिकटवलेली फूटपट्टी आणि तारांवर फिरवायच्या गजाऐवजी एक काठी. ते हनुवटीखाली धरून रांगेत उभं राहायचं. मलाही खोकं दिलं. उभा जन्म छापखान्यात यंत्रापाशी गेला, आता म्हातारपणी बुटाचं खोकं मानेत धरून उभा आहे. तुझी आई असती तर हसून हसून लोळली असती.

पण खरं सांगू? मला त्या खोलीत फार बरं वाटतं. उंच खिडक्या आहेत, उन्हात धूळ तरंगत असते. बाई बोटांनी हवेत ताल धरतात आणि सगळी पोरं डोळे मिटून खोक्यावर काठ्या फिरवतात. आवाज कसलाच नाही. तरी थोड्या वेळाने वाटायला लागतं की काहीतरी वाजतंय, आणि आपण त्यात हळूहळू बुडतोय. त्या तासाला तिथले सगळे सारखेच असतात.

मी फोन का घेत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवरचं बोलणं फोन ठेवला की संपतं. पत्र कसं, उशीखाली ठेवता येतं, दुपारी पुन्हा काढून वाचता येतं. आणि तू दर खेपेला जे विचारतेस ते बघू गं. डॉक्टर काय पळून चाललेत?

भिंगरी खोकं कुशीत घेऊन झोपलीय. तब्येत सांभाळ.

तुझा,
बाबा


३ ऑक्टोबर

चि. बयो,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी जरा रागच आला, म्हणून उत्तराला उशीर.

शेजारणीने तुला कळवलं की भिंगरी दाराबाहेर ताटकळत उभी होती, बेल वाजवून वाजवून थकली. त्या बाईंना दुसरा उद्योग नाही. बेल बिघडली होती. आता दुरुस्त केली. मी दुपारी शाळा सुटायच्या वेळेला पायरीवरच बसून राहतो, तेव्हा तो प्रश्नच मिटला. त्यावरून तू लिहितेस, ‘बाबा, तुमचे कान गेले असतील तर मी तिला इकडे आणते, पाळणाघरात ठेवीन, पण तिथे ठेवणार नाही.’ अगं, वर्षाच्या मध्येच लेकराला उपटून नेणार? तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिचा वर्ग? सुतावरून स्वर्ग गाठायची खोड तुझी लहानपणापासूनची.

ते असू दे. खोक्यांचे दिवस संपले आणि खरी व्हायोलिनं आली. आपली एवढीशी, मधाच्या रंगाची. भिंगरी रोज दुपारी मागच्या खोलीत वाजवते. पश्चिमेचं ऊन जमिनीवर पसरतं, ती त्याच्या मधोमध उभी राहते, गज खाली-वर होतो, खाली-वर. मी आरामखुर्चीत. बघता बघता डोळे जड होतात आणि मी जागा आहे की झोपलोय हेच कळेनासं होतं. कधी वाटतं, खोलीच हळूहळू कुठेतरी वाहत निघालीय. संपलं की ती विचारते, ‘आबा, कसं झालं?’ मी म्हणतो, ‘वा!’

एकदा तर तिला नवा गज मिळाला होता. त्या दिवशी असा लांब, सरळ, न अडखळता फिरवला की मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आज तर कमाल केलीस, इतकं गोड कधीच वाजवलं नव्हतंस. ती माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकाची सवय नाही पोरीला, तुम्ही दोघं तिला फार धाकात ठेवता.

आणि त्यानंतर काय केलं असेल तिने? पुढच्या आठवड्यात वर्गातून निघाली ती चेलो घेऊन! तिच्याहून उंच धूड! रिक्षात ते बसलं आणि आम्ही दोघं कसेबसे कोपऱ्यात. मी विचारलं, व्हायोलिनचं काय झालं? म्हणे, ‘मला आता हेच आवडतं.’ इतका हट्ट धरून घेतलेलं, ज्याच्यासाठी खोकं घेऊन झोपली, ते असं सोडून दिलं. ही धरसोड कोणावर गेली ते मी लिहीत नाही, तू समजून घे.

पण बयो, चेलो म्हणजे काय चीज आहे! ती खुर्चीवर बसते, त्याची लोखंडी दांडी जमिनीवर टेकवते, आणि जाड तारेवर गज ओढला की ते माझ्या तळपायांतून वर चढतं. छापखान्यात यंत्र बिघडलं की मला आधी तळपायांना कळायचं, तसंच. गुडघ्यांपर्यंत येतं, खुर्चीच्या हातांत येतं, छातीत येतं. परवा मी चपला काढून बसलो आणि चक्क रडलो. भिंगरी म्हणाली, ‘आबा, आलं ना?’ मी म्हटलं, ‘आलं गं, सगळं आलं.’ ती इतकी हसली, इतकी हसली.

काळजी करू नकोस.

तुझा,
बाबा


२१ नोव्हेंबर

चि. बयो,

अनेक आशीर्वाद. हे पत्र बसून, सावकाश वाच.

काल वर्ग संपल्यावर संगीताच्या बाईंनी मला थांबवलं. त्या नेहमी माझ्या अगदी समोर उभ्या राहून, ओठ नीट हलवून बोलतात. मला वाटायचं, बाईंची बोलायचीच पद्धत तशी. म्हणाल्या, ‘आजोबा, शाळेचा कार्यक्रम जवळ आलाय. सोमवारी सगळ्यांच्या जागा ठरतील, मग वर्षभर बदलता येणार नाहीत. तुमच्या नातीला पुन्हा व्हायोलिनवर घ्यायची माझी फार इच्छा आहे. तिचा हातच व्हायोलिनचा आहे. पण ती ऐकत नाही.’

मी म्हटलं, ‘तिला चेलो आवडतो.’

बाई म्हणाल्या, ‘चेलो तुम्हाला आवडतो.’

मग त्यांनी सगळं सांगितलं. गजाला घोड्याचे केस लावलेले असतात. नवा गज असला की त्यावर आधी राळ घासावी लागते, नाहीतर केस तारेवरून नुसते घसरतात आणि काहीच वाजत नाही. भिंगरीला नवा गज मिळाला त्या दिवशी ती राळ लावायला विसरली होती. तिने गज फिरवला आणि काही म्हणजे काहीच वाजलं नाही. ‘आबा, हे वाजत नाहीये,’ असं म्हणायला तिने मान वर केली, तर समोर तिचा आबा डोळे मिटून डोलत होता. मग तिने तसाच, बिनआवाजाचा, गज शेवटपर्यंत फिरवला. आणि मी उठून टाळ्या वाजवल्या. म्हणालो, इतकं गोड कधीच वाजवलं नव्हतंस.

दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं बाईंना सांगितलं आणि विचारलं म्हणे, यातलं सगळ्यात जाड आवाजाचं कुठलं? आमच्या आबाला जाणवेल असं द्या.

बयो, मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं.

घरी आल्यावर तिला समोर बसवलं. म्हटलं, सोमवारी व्हायोलिन मागून घे.

‘नको. मला चेलोच आवडतो.’

‘बाई म्हणतात, त्यांच्या खोलीत गेलीस की तू त्या व्हायोलिनच्या पेटीवरून हात फिरवतेस.’

‘धूळ पुसते.’

‘भिंगरे!’

मग ओठ काढून रडायला लागली. काय म्हणत होती ते मला नीट कळेना, रडताना ओठ वाचता येत नाहीत. थांबली तेव्हा पाटीवर लिहून दाखवलं. ‘आईला सांगू नको. ती मला घेऊन जाईल. मग तुझी बेल कोण ऐकणार?’

मी बेल दुरुस्त केलीच नव्हती, बयो. ती बिघडलेलीच नव्हती. दूधवाला आला, पोस्टमन आला की ही पोर धावत येऊन माझा सदरा ओढायची आणि मला वाटायचं, मी किती हुशारीने चालवून नेतोय. मी तिला सांभाळतो म्हणून तू निर्धास्त गेलीस. इथे सगळं उलटंच चाललं होतं.

तर लिहून टाकतो. मला ऐकू येत नाही. गेल्या वर्षापासून थोडं थोडं जात होतं, आता जवळजवळ गेलंच. फोनवर तुझा आवाज म्हणजे नुसती खरखर येते, म्हणून पत्रांचं नाटक. तुझी काळजी अगदी बरोबर होती आणि मी तुला वाकडंतिकडं बोललो. तिला न्यायची असेल तर ने. मी मध्ये येणार नाही.

मी डॉक्टरकडे का गेलो नाही तेही सांगतो. म्हणशील, म्हाताऱ्याला चळ लागलाय. बाहेरचे आवाज गेले ना, तशी तुझी आई बोलायला लागली. अगदी स्पष्ट. दुपारी खुर्चीत बसलो की आतल्या खोलीतून हाक मारते, ‘अहो, पडदा ओढा, ऊन येतंय.’ ‘अहो, चष्मा डोक्यावर आहे तुमच्या.’ काही विशेष बोलत नाही, नेहमीचंच. मी पडदा ओढतो. ती गेल्यानंतर पहिली काही वर्षं मी तिचा आवाज आठवायचा इतका प्रयत्न केला आणि तो काही केल्या आठवेना. आता रोज येतो. मला भीती वाटायची की कानात ते यंत्र बसवलं, रस्ता आणि भांडी आणि शेजारीण सगळे आत शिरले, तर ती निघून जाईल. म्हणून टाळत होतो. बहिरा राहीन, पण तिच्यासोबत राहीन, असं चाललं होतं माझं.

आणि त्यापायी ही एवढीशी पोर स्वतःचं व्हायोलिन टाकून ते धूड ओढत राहिली.

आज सकाळी शाळेत जाऊन बाईंना सांगून आलो की सोमवारी भिंगरीला व्हायोलिनच द्या, तिने नाही म्हटलं तरी द्या, तिचे आजोबा ऐकायला येणार आहेत. कानाच्या डॉक्टरांचीही वेळ घेतली. पुढच्या शनिवारची आहे. तू ये, बयो. डॉक्टरांच्या त्या खुर्चीत एकट्याला माझ्याच्याने बसवणार नाही. यंत्र छपाईचं असो की कानाचं, चालू करताना शेजारी माणूस लागतं.

फक्त एक कर. डॉक्टरकडे निघण्याआधी भिंगरीला घेऊन जरा बाहेर फिरून ये आणि मला थोडा वेळ घरात एकटं सोड. तुझ्या आईला सांगायचंय, ‘नातीचं व्हायोलिन ऐकायचं राहिलंय, तेव्हा आता तू बोलायची थांबलीस तरी चालेल.’

वाट पाहतो.

तुझा बहिरा
बाबा