वरच्या खोलीचे अँपिअर

३ डिसेंबर
घरमालकाने जेमतेम वीस अँपिअरची जोडणी देऊन आमच्या तोंडाला पानं पुसली. भाताचा कुकर आणि केसांचा ड्रायर एकत्र लावला की मुख्य खटका पडलाच. असो. घर मात्र छान आहे. खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसतो, सायोचं नर्सिंग कॉलेज दोन पावलांवर. नातीच्या सोबतीला म्हणून मी इकडे जपानच्या उत्तरेला, अकिताला आले. काही लावण्याआधी ओरडून सांगायचं, दुसऱ्याने "लाव" म्हणायचं, मगच बटण. सायो म्हणते, आजी, तुझ्या आवाजाने शेजारचेही कुकर बंद करतात!

५ डिसेंबर
भात लावतेय म्हणून ओरडले. वरच्या रिकाम्या खोलीतून "लाव" आलं. सायो तर मासळी आणायला गेली होती.
तिसरीतच शाळा सुटली माझी, पण आमचे हे वायरमन होते. दोन हिशेब शिकवून गेले. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट, भागलं की वाट विजेला किती अडवते ते, ओहममध्ये. त्यांचा चिमट्याचा मीटर वरच्या खोलीच्या वायरीला लावला. शंभर व्होल्ट, अर्धा अँपिअर. म्हणजे पन्नास वॅट, अडवणूक दोनशे ओहम. खोलीत दिवासुद्धा नाही. मग ही वीज खातंय कोण?

८ डिसेंबर
मुळा किसत होतो दोघी. वरून हुबेहूब सायोचा आवाज आला, "आजी, ड्रायर लावतेय." सायो माझ्या शेजारी बसलेली! सवयीने हसून तीच म्हणाली, "लाव, लाव." म्हणता म्हणता तिचे हात गार पडले.
सुई दोनवर. दोनशे वॅट, पन्नास ओहम. आपण ओ दिली की अडवणूक कमी होते.

९ डिसेंबर
सायो उठत नाही. कोतात्सूखाली, म्हणजे शेगडीच्या टेबलावरच्या दुलईत, शेगडी लावूनही नखं निळी. रस्ता बर्फाने बंद, डॉक्टर उद्या येतो म्हणाले.
मुख्य खटका मीच पाडला. घर मेलं. वरच्या वायरीत मात्र शंभर व्होल्ट, चार अँपिअर. चारशे वॅट. पंचवीस ओहम.
वरच्या खोलीची भिंत कोमट लागते. ही ऊब कुणाची, ते पोरीच्या हाताला हात लावला की कळतं.

१० डिसेंबर, सकाळी
तीनदा हाक आली. सायोच्या तोंडावर हात दाबून गप्प बसले. सुई दहावर गेली. हजार वॅट, दहा ओहम. वरच्या भिंतीचा कागद करपला, धूर — दार बर्फाने जाम, सरकत नाही. पोरीला उचलून नेणं माझ्याच्याने होईना.
शेवटी मीच ओरडले, लाव मेल्या!
सुई चारवर आली. माझी बोटं बधिर. सायोच्या गालावर मात्र जरा रंग.
म्हणजे ओ कुणीतरी द्यायलाच हवी, नाही तर ते घरच जाळतं. आणि जो देईल, त्याचीच ऊब —

दुपारी
त्याला कळलंय. आता माझ्या आवाजात बोलतं. "सायो, बाळ, लावू का?" पोर ग्लानीत तोंड उघडते — सुई सहा — सात —
पेन्सिल धरवत नाही. वही तिच्या डोळ्यांपुढे धरते.

सायो, वाच. ओठ मिटून ठेव. ओ मी देणार. दर वेळी मीच. मी पडले तरी, आवाज माझाच असला तरी, तू अजिबात —